वडिलांना मधुमेह नाही, तरी इन्सुलिन का दिलं? (उन्हाळा, किडनी आणि संप्रेरकं)

तापीकाठ

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातली, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. उत्सर्जन आणि समन्वय हे दोन घटक मी वर्षानुवर्षं वेगवेगळे शिकवत आले. एकात किडनीची आकृती, दुसऱ्यात ग्रंथींचा तक्ता. गेल्या मे महिन्यात अण्णा आजारी पडले तेव्हा कळलं की हे दोन घटक मुळात एकच आहेत. घरोघरी एखादे अण्णा असतातच, म्हणून सविस्तर लिहिते.

अण्णा सदुसष्ट वर्षांचे. केळीची बाग स्वतः बघतात. बीपीची गोळी सात-आठ वर्षांपासून चालू, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली. शिवाय गुडघ्यांसाठी मेडिकलवरून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी, सकाळ-संध्याकाळ. या दुसऱ्या गोळीला ते औषध समजतच नाहीत. डॉक्टरांनी ‘अजून काय घेता?’ म्हणून विचारलं की ‘काही नाही’ म्हणतात, आणि ते खोटं बोलतात असंही नाही. त्यांच्या लेखी ती गोळी म्हणजे कामाला निघताना घालायच्या चपलेसारखी.

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. तीन दिवस ठिबकच्या नळ्या बदलायचं काम चाललं होतं. प्यायला कळशीभर पाणी नेलेलं, पण हातातलं काम सोडून पाणी प्यायचं ते राहूनच जायचं. तिसऱ्या दिवशी दोन-तीन जुलाब झाले. संध्याकाळी ओट्यावरून उठताना पाय लटपटले. आई घाबरली, तर म्हणाले, “मले काही नही झालं, ऊन लागलं असीन.” सकाळपासून लघवी एकदाच झाली होती आणि तीही चहाच्या रंगाची, हे मी खोदून विचारल्यावर कळलं.

रात्री जळगावला नेलं. क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठत जाणारा टाकाऊ पदार्थ) ३.४, पोटॅशियम ६.४. ईसीजीतल्या लाटा टोकदार झाल्या होत्या. सिस्टर ग्लुकोज आणि इन्सुलिन घेऊन आल्या तशी मी त्यांना अडवलं. म्हटलं, यांना शुगर नाही, तुम्ही दुसऱ्याची फाइल घेतलीय. डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन दोन मिनिटांत समजावलं. त्या दोन मिनिटांतलं नीट समजून घ्यायला मला पुढे दोन महिने वाचावं लागलं.

शरीरातलं जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात अगदी थोडं, ३.५ ते ५ च्या दरम्यान. आत जास्त आणि बाहेर कमी, या फरकावर हृदयाचा ठोका चालतो. बाहेरचं वाढलं की हृदयाची लय बिघडते, कधी ते थांबतंही. आता आपली केळी घ्या. तीन मोठ्या केळ्यांमधलं सगळं पोटॅशियम पेशींबाहेर राहिलं तर पातळी धोक्याच्या वर जाईल. पण निरोगी माणसाला तीन केळी खाऊन काही होत नाही, कारण जेवणानंतर स्वादुपिंड जे इन्सुलिन सोडतं ते साखरेबरोबर पोटॅशियमलाही पेशींच्या आत ढकलतं. इन्सुलिन म्हणजे साखरेचं संप्रेरक एवढंच मी आजवर मुलांना सांगत आले होते. अण्णांना ते दिलं त्यांच्या हृदयासाठी, आणि सोबतचं ग्लुकोज त्यांची साखर उतरू नये म्हणून.

पण यात पोटॅशियम नुसतं आत दडतं, शरीराबाहेर जात नाही. बाहेर टाकायचं काम किडनीचं, आणि तो हुकूम सुटतो किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून. हुकुमाचं नाव अल्डोस्टेरॉन. सोडियम परत घे आणि पोटॅशियम सोडून दे, असा तो निरोप असतो. त्याच्या आधीही एक साखळी आहे. रक्तदाब उतरला की किडनी रेनिन सोडते, यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचं त्यामुळे अँजिओटेन्सिन बनतं, आणि त्याचा निरोप अधिवृक्क ग्रंथीला पोचतो. अण्णांच्या बीपीच्या गोळीतलं टेल्मिसार्टन ही साखळी मधेच तोडतं, त्यामुळेही बीपी उतरतो. एरवी हे चांगलंच आहे. त्या तीन दिवसांत मात्र शरीराला तीच साखळी हवी होती.

दवाखान्यातून घरी आल्यावर अण्णांचा पहिला प्रश्न होता, “मंग आता केयं बी खाऊ नही का?” चाळीस वर्षं केळी पिकवलेल्या माणसाने हे विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

पेनकिलरचा यात नेमका वाटा काय, ते अजून मला नीट उलगडलेलं नाही. कुणी सोप्या शब्दांत सांगेल का?

ओपीडी_रोजची

ताई, फार मोलाचं लिहिलंत. मी फिजिशियन आहे, एप्रिल ते जून असे पेशंट दर आठवड्याला बघतो. तिन्ही औषधांची सांगड अशी आहे.

किडनीत गाळणीच्या लाखो गुंडाळ्या असतात, एकेका किडनीत साधारण दहा लाख. प्रत्येक गुंडाळीत एक बारीक रक्तवाहिनी आत येते आणि एक बाहेर जाते. गाळायला दाब लागतो. अंगातलं पाणी कमी झालं की शरीर दोन गोष्टी करतं. आत येणारी वाहिनी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्याने उघडी ठेवतं, आणि बाहेर जाणारी वाहिनी अँजिओटेन्सिनने आवळतं. पाणी कमी असूनही गाळणीतला दाब टिकतो तो यामुळे.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिनच बंद करतात. दुखणं थांबतं तेही त्यामुळेच. टेल्मिसार्टनसारखी सार्टन गटाची गोळी बाहेरची वाहिनी सैल सोडते. आणि क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळी मुळातलं पाणीच कमी करते. हा तिहेरी मार निरोगी किडनीलाही जड जाऊ शकतो, त्यात ऊन आणि जुलाब.

पांझराकाठ

डॉक्टरसाहेब, हे वाचताना मला आमच्या साक्रीकडची फड पद्धत आठवली. पांझरेवर जुने बंधारे आहेत, त्यातून पाट निघतो आणि पाटाचं पाणी फडाफडाला पाळीने मिळतं. नदीला पाणी कमी असलं की पाटकरी वरचं तोंड पूर्ण उघडतो आणि खालची दारं आवळून धरतो. असं केलं तरच पाटात पाण्याची पातळी टिकते आणि उंचावरच्या वाफ्याला पाणी चढतं. माझे आजोबा पाटकरी होते, मी लहानपणी त्यांच्याबरोबर रात्री पाटावर फिरलोय.

म्हणजे पेनकिलर वरचं तोंड बुजवते, बीपीची गोळी खालची दारं मोकळी सोडते, आणि तिसरी गोळी नदीचंच पाणी कमी करते. मग वाफा कोरडा राहणारच. बरोबर समजलो का?

ओपीडी_रोजची

अगदी बरोबर. उद्यापासून पेशंटला असंच सांगणार.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. हे वाचून कुणी बीपीची गोळी मनाने बंद करू नका. सार्टन गटाच्या गोळ्या मधुमेह आणि बीपीच्या पेशंटची किडनी वर्षानुवर्षं सांभाळतात. उलट्या, जुलाब किंवा अंगात पाणी राहत नाही असा ताप असेल, तेवढ्या दिवसांपुरती ही गोळी थांबवायची का, ते डॉक्टरांना फोन करून विचारा. वेदनाशामक गोळी मात्र त्या दिवसांत नकोच, आणि वयस्कर, बीपीच्या किंवा किडनीच्या पेशंटने ती एरवीही स्वतःच्या मनाने घेऊ नये.

हायवे_सहा

मी वीस वर्षं ट्रक चालवतोय. धुळ्याहून नागपूरकडे जाताना गाडी थांबवायला लागू नये म्हणून पाणी कमी प्यायची सवय लागली. दोन वेळा मुतखडा झाला. आता कुणी सांगितलं म्हणून रोज पाच-सहा लिटर साधं पाणी पितो. गेल्या उन्हाळ्यात एवढं पाणी पिऊनही डोकं जड व्हायचं, मळमळायचं, पायांत गोळे यायचे. पाणी तर भरपूर होतं, मग असं का?

तापीकाठ

दादा, याचं उत्तर मी वाचलंय ते सांगते, चुकलं तर डॉक्टर दुरुस्त करतील.

आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी गाळतात. त्यातलं दीड-दोन लिटर लघवी म्हणून जातं, बाकी सगळं परत घेतलं जातं. शेवटच्या टप्प्यावर किती परत घ्यायचं हे मेंदू ठरवतो. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक रक्ताचा खारटपणा सतत मोजत असतो. त्यात एक-दोन टक्के फरक पडला तरी त्याला कळतं. रक्त खारट झालं की तो दोन गोष्टी करतो, तहान जागवतो आणि व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडायला लावतो. ते किडनीत पोचलं की नळ्यांच्या भिंतींवर पाण्याचे दरवाजे येऊन बसतात, पाणी परत आत जातं आणि लघवी थोडी व गडद होते. या दरवाज्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. ते शोधणाऱ्या पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

गडद लघवी म्हणजे ‘पाणी दे’ हा निरोप. पण घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. दिवसभर घाम गाळून वर फक्त साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम विरळ होतं. डोकं जड होणं, मळमळ, ही त्याची लक्षणं असू शकतात. अण्णांच्या शेजारच्या खाटेवर असेच एक गृहस्थ होते, सोडियम फार उतरल्यामुळे बरळत होते.

ओपीडी_रोजची

बरोबर आहे. मुतखड्यासाठी महत्त्व आहे ते लघवी किती होते याला. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी एवढं पाणी प्या, ते दिवसभरात वाटून. घाम जास्त असेल तेव्हा जेवणात मीठ आणि सोबत ताक, लिंबू सरबत असू द्या. लिंबातल्या सायट्रेटने खडे होण्याचं प्रमाणही कमी होतं. बीपी असेल तर मिठाचं आपल्या डॉक्टरांना विचारून. सोडियम-पोटॅशियमची तपासणी मात्र एकदा कराच.

जुलाब असतील तर ओआरएस. अख्खं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पेल्यात अर्धं पाकीट ढवळून नाही. मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात एकत्र असली तर आतडं दोन्ही एकदम उचलतं आणि मागोमाग पाणी खेचलं जातं. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या पाण्यावर कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. सलाइन संपलेलं होतं. मी विद्यार्थी असताना हे वाचलं आणि त्याच वर्षी मेडिसिन घ्यायचं ठरवलं.

ज्यांचं पोटॅशियम आधीच वाढलेलं असतं त्यांनी ओआरएसही विचारूनच घ्यावं, त्यात पोटॅशियम असतं.

भरीत_पार्टी

एक लहानसा प्रश्न. डिसेंबरात मळ्यात भरीत पार्टीला बसलं की दर अर्ध्या तासाला उठावं लागतं, पाणी तर फारसं पीत नाही. हेही संप्रेरकांमुळेच का?

ओपीडी_रोजची

हो. थंडीत कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त आतल्या भागात जमा होतं. शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय. व्हॅसोप्रेसिन कमी होतं, आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून मीठ व पाणी बाहेर टाकायला सांगणारं संप्रेरक सुटतं. हृदय हीसुद्धा ग्रंथी आहे, हे १९८१ साली कळलं. दारू घेतली असेल तर तीही व्हॅसोप्रेसिन दाबते, मग उठणं आणखी वाढतं.

गिरणाथडी

धागा दोन वेळा वाचला. लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते.

माझ्या आईला पंधरा वर्षं मधुमेह होता. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. शेवटच्या दोन वर्षांत तिची साखर आपोआप उतरायला लागली. डोस कमी केला, तरी उतरायची. घरात सगळ्यांना आनंद झाला. गावातल्या कुणीतरी दिलेला काढा ती घेत होती, त्याचाच गुण आला असं आम्ही धरलं. नातेवाइकांनाही तो काढा सांगितला. आईने कानबाईला नवस फेडला.

तिच्या पायांवर सूज आली तेव्हा तपासण्या झाल्या. किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, टोचलेल्या इन्सुलिनचा मोठा भाग किडनीच मोडून काढते. किडनी थकली की तेच इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि साखर उतरते. आम्ही पेढे वाटत होतो तेव्हा तिची किडनी जात होती.

ज्यांच्या घरी जुना मधुमेह आहे आणि इन्सुलिनची गरज अचानक कमी झालीय, त्यांनी कृपा करून क्रिएटिनिन तपासा.

तापीकाठ

गिरणाथडी ताई, लिहिलंत म्हणून मनापासून आभार. हे मला माहीत नव्हतं. उद्याच माझ्या मावशीला फोन करते, तिचाही डोस अलीकडेच कमी झालाय.

ओपीडी_रोजची

याला जोडून एक. क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नका. किडनीचं निम्म्याच्या आसपास काम गेलं तरी ते नॉर्मल दिसू शकतं, अंगावर मांस कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसांत तर हमखास. त्याआधी कितीतरी वर्षं लघवीतून अल्ब्युमिन नावाचं रक्तातलं प्रथिन झिरपायला लागतं. मधुमेह आणि बीपी असणाऱ्यांनी लघवीतलं अल्ब्युमिन वर्षातून एकदा तपासावं. सकाळच्या लघवीचा नमुना पुरतो.

मशीन_तीन

मी धुळ्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. आमच्याकडे नवीन पेशंट आला की नातेवाईक हटकून विचारतात, ‘मशीन किडनीचं सगळं काम करतं ना?’ आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास रक्त मशीनमधून फिरतं. युरिया निघतो, पोटॅशियम निघतं, साठलेलं पाणी निघतं. पण किडनी स्वतः संप्रेरकं बनवते, ते मशीनला जमत नाही.

तांबड्या पेशी बनवायला अस्थिमज्जेला सांगणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतूनच येतं. म्हणून आमचे पेशंट पांढरेफटक दिसतात, जिना चढला की दम लागतो. त्यासाठी वेगळं इंजेक्शन असतं, १९८९ पासून ते औषध म्हणून वापरात आहे. ड जीवनसत्त्वाला शेवटचा हात फिरवून कामाचं बनवते तीही किडनीच. ते थांबलं की कॅल्शियम उतरतं, मग गळ्यातल्या परावटू ग्रंथी जागच्या जागी ओरडायला लागतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढतात. आमच्या एका आजोबांचं खुब्याचं हाड खाटेवरून नुसतं उतरताना मोडलं.

तापीकाठ ताई, तुमच्या वडिलांना डायलिसिस लागलं नाही ना?

तापीकाठ

नाही, थोडक्यात वाचलं. सलाइनवर लघवी सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन दोनच्या खाली आलं. लघवी सुरू झाल्याचं सिस्टरनी सांगितलं तेव्हा आई देवळात जाऊन नारळ फोडून आली. मी आयुष्यात कधी लघवीच्या पिशवीकडे एवढ्या आशेने पाहिलं नव्हतं.

सासर_पुणे

माझे वडील नंदुरबारला असतात, पंच्याहत्तर वर्षांचे. रात्री चार-पाच वेळा उठतात, म्हणून संध्याकाळी चारनंतर पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यातही. बरोबर आहे का हे?

ओपीडी_रोजची

उन्हाळ्यात चारनंतर पूर्ण बंद करणं योग्य नाही. झोपायच्या दोन-तीन तास आधीपासून कमी करा, पण दिवसभराचा कोटा पूर्ण झाला पाहिजे.

तरुणपणी रात्री व्हॅसोप्रेसिन वाढतं, त्यामुळे आपण सलग झोपू शकतो. म्हातारपणी ती लय मंदावते. शिवाय दिवसा पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि हृदय ते बाहेर टाकायला सांगतं. पायांवर सूज असेल तर दुपारी तासभर पाय उंचावर ठेवून पडायला सांगा, थोडा फरक पडतो. पण आधी साखर आणि प्रोस्टेट तपासून घ्या. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत सांडते आणि जाताना पाणी ओढून नेते. घरी लघवीला मुंग्या लागतात का हे जुनी माणसं बघायची, ते याचसाठी.

बोरीकाठ

अमळनेरहून. माझ्या आईला प्रमाण मराठीतलं एवढं लांबलचक वाचून दाखवलं तर ती मधेच उठून जाते. म्हणून तिच्यासाठी अहिराणीत लिहिलं, कुणाला उपयोग झाला तर घ्या.

माय, किडनी म्हनजे नुसती चायनी नही शे. डोकामातली गाठ तिले सांगस, पानी जपी ठेव. मंग मूत थोडं व्हस नि पिव्वं दिखस. तसं दिखनं का तू पानी पी, ताक पी. उनमा काम करीसन गुडघानी गोयी खावानी नही. बीपीनी गोयी आपला मनथीन बंद करानी नही. हागवन लागनी का डाक्टरले इचार.

तापीकाठ

बोरीकाठ, हे काल रात्री अण्णांना वाचून दाखवलं. आमच्याकडची बोली लेवा पाटलांची, अहिराणी थोडी वेगळी, तरी त्यांना सगळं समजलं. ‘चायनी’ला, म्हणजे चाळणीला, हसले.

गेल्या आठवड्यातला रिपोर्टही सांगायचा राहिला. क्रिएटिनिन १.२, पोटॅशियम ४.६. दिवसाला एक केळं खायला डॉक्टरांनी परवानगी दिली. अण्णांनी बागेत जाऊन स्वतः फणी काढली आणि त्यातलं सगळ्यात लहान केळं निवडलं.

वाचून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसले. मग उठले आणि देवघराच्या फडताळातून गुडघ्याच्या गोळ्यांची पाकिटं काढून माझ्या हातात दिली. तीन होती. मला वाटत होतं घरातल्या सगळ्या गोळ्या मी मे महिन्यातच फेकल्या.